लाडू अडकला ‘म’खाली

एक होतं टेबल. टेबलामागे होती भिंत. भिंतीत होतं भोक. भोकात राहायच्या दोन मुंग्या. थोरली टिकली आणि धाकटी राई.

टिकली एवढीशी. राई त्याहून एवढीशी.

त्या दिवशी राईचा वाढदिवस होता. पहिलावहिला!

राई म्हणाली, “ताई ताई, मला लाडू हवा!”

टिकली म्हणाली, “आणते. दिवे लागायच्या आत आणते. अगदी नक्की!”

शब्द दिला म्हणजे दिला. मुंग्यांचं तसंच असतं.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवरून टेबलावर.

टेबलावर कोण होते? लॅपटॉपआजोबा! वय वर्षं बारा. हसू नका हं. माणसांत बारा वर्षांचा आजोबा नसतो. पण लॅपटॉपांत असतो.

आजोबांचं सगळं हळू. जागं व्हायचं? हळू. पान उघडायचं? हळू. झोपायचं? त्यालाही वेळ लागायचा.

आणि आजोबांच्या अंगात काय होतं? स्वेटर! खरंच सांगते, स्वेटर. लाल लोकरीचा, पिवळ्या गुंड्यांचा. पोटाला स्वेटर. पाठीला स्वेटर. दोन्ही बाजूंना स्वेटर. वरची बटणं आणि पडदा तेवढा उघडा. बसायला खाली दुलईची मऊ घडी.

हा स्वेटर विणला कोणी? बनूआत्याने.

बनूआत्याला वाटायचं, सगळ्या जगाला थंडी वाजते. तिने मिक्सरला टोपडं शिवलं होतं. फोनला मोजा विणला होता. मग आजोबांना कशी विसरेल?

सकाळी बनूआत्या आजोबांसमोर बसली होती. लाडू खात. बेसनाचा. थोडा तोंडात, थोडा टेबलावर!

टेबलावरचा एक कण टिकलीला दिसला. पिवळा पिवळा. गोड गोड. तुपाचा वास येतोय.

“राईचा लाडू!” टिकली म्हणाली. तिने कण उचलला. डोक्यावर घेतला. निघाली घरी.

पण टेबलाला वळसा कोण घालणार? टिकली निघाली मधूनच. आजोबांच्या बटणांवरून. ‘क’वरून ‘ख’वर. ‘ख’वरून ‘ग’वर. तुरुतुरु तुरुतुरु. ‘ब’वर आली. ‘भ’वर आली. ‘म’वर आली, आणि पाय घसरला!

टुपुक!

लाडूचा कण पडला फटीत. गेला ‘म’च्या खाली.

टिकलीने वाकून पाहिलं. कण दिसतोय. पण हात पोचेना. टिकलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घरी राई वाट बघत होती.

मग तिने डोळे पुसले. रडून लाडू थोडाच वर येतो?

टिकली म्हणाली,

“बटणा बटणा, उडी मार ना!”

“का गं मारू?”

“लाडू मला मिळेना!”

‘म’चं बटण म्हणालं, “मी आपण होऊन उडी मारत नाही बाई. बोट टेकेल, तर मी उडेन. टक!”

टिकली निघाली बोटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

बोट होतं त्या घरातल्या आईचं. वृंदाआईचं. वृंदाआई बालवाडीत शिकवायची. उद्या मुलांना नवा तक्ता द्यायचा होता. तिने लिहिलं होतं, प पतंगाचा. फ फुग्याचा. ब बदकाचा. भ भोपळ्याचा. आणि तिथेच आजोबा अडले. आई बसली हनुवटीला हात लावून. बोट राहिलं हवेत.

टिकली म्हणाली,

“बोटा बोटा, टेक ना!”

“का गं टेकू?”

“बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

बोट म्हणालं, “टेकून टेकून दमलो गं. दहा वेळा टेकलो. काही उमटतच नाही! पडदा उजळेल, तर मी टेकेन.”

टिकली निघाली पडद्याकडे. चढ होता चांगलाच. तुरुतुरु तुरुतुरु, हुश्श!

पडदा होता अंधूक. अर्धा झोपलेला.

“पडद्या पडद्या, उजळ ना!”

“का गं उजळू?”

“बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

पडद्याने मोठ्ठी जांभई दिली. आऽऽऽ! तो म्हणाला, “माझ्या पोटावर बघ. ती चक्री फिरतेय गोल गोल. मला काही दाखवूच देत नाही. चक्री थांबेल, तर मी उजळेन.”

टिकली निघाली चक्रीकडे. लांब नव्हतीच ती. पडद्याच्या मधोमध होती. गरगर गरगर, गरगर गरगर!

“चक्री चक्री, थांब ना!”

“का गं थांबू?”

“पडदा उजळेना,
बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

चक्री म्हणाली, “मला काय हौस आहे? गरगर! डोकं भणभणलं माझं! गरगर! आजोबा तापलेत. तापले की त्यांना काही सुचत नाही. त्यांना सुचेपर्यंत मी फिरते. पंखा फिरेल, तर मी थांबेन. गरगर!”

टिकलीला बघून बघूनच चक्कर आली. ती उतरली खाली.

पंखा कुठे होता? आजोबांच्या पोटात. टिकली शिरली स्वेटरच्या एका भोकातून. मग जाळीच्या भोकातून. मुंगीला काय, भोक दिसलं की दारच! आत केवढं गरम! पाय भाजायला लागले. उफ उफ! उफ उफ!

पंखा होता एवढासा. पुरीएवढा. बसला होता गप्प.

“पंख्या पंख्या, फिर ना!”

“का गं फिरू?”

“चक्री थांबेना,
पडदा उजळेना,
बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

पंखा म्हणाला, “फिरायला मला आवडतं. पण बघ, माझ्या पात्यांवर कोण बसलंय. ही एवढी धूळ! मी म्हणतो घर्र, ती म्हणते बस. धूळ हलेल, तर मी फिरेन.”

आणि खरंच, धूळबाई बसल्या होत्या ऐसपैस. पाय पसरून. करड्या करड्या, जाड्या जाड्या.

“धूळबाई धूळबाई, हला ना!”

“का गं हलू?”

“पंखा फिरेना,
चक्री थांबेना,
पडदा उजळेना,
बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

धूळबाई म्हणाल्या, “इश्श! चार वर्षं बसलेय मी इथे. कुणी ऊठ म्हटलं नाही. आता तू कोण सांगणारी? ब्रश झाडेल, तर मी हलेन. भुस्स!”

भुस्स झालं आणि टिकलीला शिंक आली. आक्छी!

शिंकेसरशी टिकली जाळीतून बाहेर! स्वेटरमधून बाहेर! धप्पकन टेबलावर!

बरं झालं. चालायचं वाचलं.

ब्रश होता पेल्यात उभा. रंगवायचा ब्रश. मऊ केसांचा, लांब दांड्याचा. पेल्यावर चढायचं म्हणजे काय सोपं? चढली, घसरली. चढली, घसरली. तिसऱ्यांदा चढली.

“ब्रशा ब्रशा, झाड ना!”

“का गं झाडू?”

“धूळ हलेना,
पंखा फिरेना,
चक्री थांबेना,
पडदा उजळेना,
बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

ब्रश म्हणाला, “झाडतो की! आत्ता झाडतो! सुर्र सुर्र झाडतो! पण कुठून झाडू? जाळीवर तो स्वेटर बसलाय ना. माझे केस लोकरीत अडकतील. स्वेटर निघेल, तर मी झाडेन.”

टिकली खाली उतरली. बाहेर ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. दिवे लागायला आता फार वेळ नव्हता. टिकली धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

“स्वेटरा स्वेटरा, निघ ना!”

“का गं निघू?”

“ब्रश झाडेना,
धूळ हलेना,
पंखा फिरेना,
चक्री थांबेना,
पडदा उजळेना,
बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

स्वेटर म्हणाला, “मी निघालो असतो गं. मलाही उकडतंय. पण या पाच गुंड्या बघ. घट्ट लावल्यात. आत्याने लावल्यात. आत्या गुंड्या काढेल, तर मी निघेन.”

तेवढ्यात हळूच आवाज आला. घर्र… घर्र… लॅपटॉपआजोबा बोलत होते.

“मुंगे… आत्याला… रागावू नकोस हं… तिने फार… मायेने… विणलाय…”

“मग तुम्ही तिला सांगितलं का नाही, उकडतंय म्हणून?”

“तिला… वाईट… वाटेल ना…”

बघा म्हणजे! स्वतः तापून लाल, आणि काळजी आत्याची.

टिकली निघाली आत्याकडे.

बनूआत्या खिडकीशी बसली होती. सुया चालल्या होत्या. खुटखुट खुटखुट. काय विणत होती? कानटोपी! कुणाला? आजोबांना!

टिकली चढली आत्याच्या पदरावर. खांद्यावर. कानाशी. आणि सगळा जोर लावून म्हणाली,

“आत्या आत्या, गुंड्या काढ ना!”

आत्या दचकली. “अगोबाई! कोण बोललं?”

“मी टिकली!”

“मुंगी होय! चावू नकोस हो. का गं काढू गुंड्या?”

टिकलीने मोठ्ठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या. म्हणा माझ्याबरोबर,

“स्वेटर निघेना,
ब्रश झाडेना,
धूळ हलेना,
पंखा फिरेना,
चक्री थांबेना,
पडदा उजळेना,
बोट टेकेना,
बटण उडेना,
लाडू मला मिळेना!”

आत्या काय म्हणाली? म्हणाली, “छे छे! मुळीच नाही! म्हातारं माणूस ते. थंडी बाधली म्हणजे? स्वेटर राहू दे अंगात. ही कानटोपीसुद्धा घालणार आहे मी.”

झालं! आता पुढे कोणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं.

टिकली आत्याच्या खांद्यावर बसली. राईला सांगायचं काय? शब्द दिला होता ना.

मग टिकलीला एक सुचलं. ती म्हणाली, “आत्या, आजोबांच्या पोटाला हात तर लावून बघ.”

“लावते की. त्यात काय!”

आत्या उठली. आजोबांपाशी आली. स्वेटरमध्ये हात घातला.

“आई गं! केवढे तापलेत! वृंदा, अगं ए वृंदा! आजोबांना ताप आलाय! आण बघू अजून एक शाल!”

अरे देवा! शाल!

“नको शाल!” टिकली ओरडली. “आत्या, तू पोळ्या करताना स्वेटर घालतेस?”

“स्वेटर? ओट्याशी? वेडी की काय तू! घामाघूम होईन. उकडून जीव जाईल.”

“मग आजोबाही कामच करतायत ना! भ भोपळ्याचा, म कशाचा, सगळं तेच करतायत. तेही स्वेटर घालून! दुलईवर बसून!”

आत्या थांबली. स्वेटरकडे बघितलं. आपल्या हाताकडे बघितलं. हात अजून गरम होता.

“अगोबाई,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “म्हणजे मीच की गं उकडवलं त्यांना.”

आत्याचं तोंड एवढंसं झालं. पण मायेचं माणूस ते. चूक कळली की उशीर नाही लावत.

आत्याने गुंडी काढली. एक. दोन. तीन. चार. पाच!

स्वेटर निघाला. सुळ्ळकन!

दुलईसुद्धा निघाली. आजोबा बसले टेबलावर, कडक कडक लाकडावर.

“हाऽऽऽ!” आजोबा म्हणाले. “वारा… लागला…”

ब्रश टुणकन आत्याच्या हातात. पण वृंदाआई म्हणाली, “थांबा वन्सं! आधी आजोबांना झोपवू द्या. जागेपणी जाळी झाडायची नाही.”

“आणि तुझा तक्ता गं? तो जाईल ना?” आत्याने विचारलं.

“भोपळ्यापर्यंत… जपून… ठेवलाय…” आजोबा म्हणाले. “काळजी… नको…”

आईने तारेचं टोक काढलं. मोठं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आजोबा झोपले. चक्रीसुद्धा झोपली. बिचारी, किती दमली होती!

आता ब्रशने झाडलं. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र!

धूळ हलली. भुस्स! “चार वर्षांचं घर माझं!” धूळबाई म्हणाल्या, आणि गेल्या खिडकीबाहेर. आत्या शिंकली. आई शिंकली. टिकली शिंकली. आक्छी, आक्छी, आक्छी!

मग आईने आजोबांना उठवलं. डिंग!

पंखा फिरला. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र! फिरायला मिळालं म्हणून एवढा खूश झाला की विचारू नका.

आजोबा गार झाले. त्यांना एकदम सगळं सुचायला लागलं. म्हणाले, “एक विचारू? मघाशी वीस पानं उघडी होती. सगळी पुन्हा मांडू का?”

“वीस?” आई म्हणाली. “माझं तर एकच होतं, तक्त्याचं. बाकीची कुणाची?”

आजोबांनी यादी वाचली. “लोकरीचे नमुने, नऊ पानं. मोज्यांचे नमुने, सहा पानं. कानटोप्यांचे नमुने, चार पानं.”

आईने आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं.

“बघून झालं की मिटायचं असतं होय?” आत्या म्हणाली. “मला वाटलं, आपोआप मिटतात. नका मांडू हो! वृंदाचं तेवढं एक मांडा.”

आजोबांनी एकच पान मांडलं.

आणि चक्री थांबली. गरगर… गर… ग… ठप्प!

पडदा उजळला. लख्ख!

तक्ता आला जसाच्या तसा. भ भोपळ्याचा. पुढे म. म कशाचा? आई विचारात पडली. बोट हवेतच. “म मक्याचा लिहू? की म मडक्याचा?”

टिकली पळत पळत आली. ‘म’च्या फटीपाशी उभी राहिली. खाली बघितलं. वर आईकडे बघितलं. फटीतला कण दाखवायला तिने मिशा हलवल्या. टुक टुक, टुक टुक.

आईला ती दिसली. आई हसली.

“सुचलं!” आई म्हणाली. “म मुंगीचा!”

आणि बोट टेकलं. टक!

बटण उडालं. टुण्ण!

लाडूचा कण उडाला वर. गोल गोल फिरला. पडला कुठे? टिकलीच्या पुढ्यात!

टिकलीने कण उचलला. डोक्यावर घेतला. या वेळी बटणांवरून नाही गेली. टेबलाला वळसा घालून गेली. शहाणी झाली होती.

जाता जाता ती मागे वळली. म्हणाली,

“आत्याने गुंड्या काढल्या,
स्वेटर निघाला,
ब्रशने झाडलं,
धूळ हलली,
पंखा फिरला,
चक्री थांबली,
पडदा उजळला,
बोट टेकलं,
बटण उडालं,
लाडू मला मिळाला!”

“थांब गं जरा!” आत्या म्हणाली. तिने अर्धी कानटोपी उसवली. सर्र सर्र! आणि त्याच लोकरीच्या एका धाग्याची विणली एक एवढीशी टोपी. राईएवढी. “वाढदिवसाला रिकाम्या हाताने जाऊ नये. धाकटीला सांग, आत्याने दिलीय म्हणावं.”

इकडे आईचा तक्ता झाला. भराभर झाला. य यानाचा, र रथाचा, पार ज्ञ ज्ञानेशचा! आजोबा कुठे अडले नाहीत. नव्यासारखे पळाले नाहीत हं. पण आजोबांनी चालावं तसे चालले. टुकुटुकु, न थांबता.

काम संपलं. आईने आजोबांना झोपवलं. डोळे मिटले त्यांचे.

आता आत्या उभी राहिली स्वेटर घेऊन. घालावा की नाही? तिला कळेना.

आईने हात लावून बघितलं. “गार झालेत की वन्सं. पंखाही झोपलाय. आता घाला. झोपेत धूळ नाही बसणार.”

आत्या केवढी हसली! तिने स्वेटर घातला. गुंडी लावली. एक, दोन, तीन, चार, पाच. “सकाळी उठायच्या आधी मीच काढीन बरं का,” ती आजोबांच्या कानात म्हणाली.

तिकडे भोकात टिकली पोचली. नेमकी त्याच वेळी आईने दिवा लावला. टिचक! बरोब्बर वेळेवर.

राईने लाडू बघितला. उडी मारली. लाडवात तोंडच घातलं. नाक पिवळं, गाल पिवळे.

“ताई, एवढा वेळ का लागला गं?”

टिकली म्हणाली, “अगं काय सांगू! आत्या गुंड्या काढेना, स्वेटर निघेना, ब्रश झाडेना…”

पण राई ऐकते कुठे! लाडू खाऊन झाला आणि तिने टोपी घातली. कानांवरून पार नाकापर्यंत आली. जरा वेळ गेला.

“ताई,” टोपीतून आवाज आला, “उकडतंय.”

“मग सांगायचं ना लगेच!” टिकली म्हणाली. “आजोबांसारखं गप्प नाही बसायचं.”

राईने टोपी काढली. उलटी केली. त्यात जाऊन बसली. केवढी मऊ गादी झाली!

राई झोपली टोपीत. आजोबा झोपले स्वेटरात. लाडू गेला पोटात. गोष्ट गेली कानात. आता सांगा बघू, कुणाकुणाला उकडतंय?